आरसी टँकला कूलिंग फॅन बसवताना: आधी हवेची वाट, मग फॅन, शेवटी वायरिंग

१/१६ प्रमाणाच्या रिमोट कंट्रोल टँकमध्ये फॅन बसवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: फॅन फिरतोय, आवाजही येतोय, पण बोर्ड (टँक चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) पूर्वीइतकाच तापतो. कारण बहुतेक वेळा एकच निघते. आत जागा दिसली तिथे फॅन चिकटवला, दोन वायरी बॅटरीला जोडल्या आणि वरची बॉडी लावून टाकली. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत टेबलफॅन लावावा तसला हा प्रकार. गरम हवा आतल्या आत फिरत राहते आणि फॅनच्या मोटरची थोडी उष्णता तिच्यात भरच घालते.

म्हणून या लेखात कामाचा क्रम उलटा आहे. हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार हे आधी, फॅन त्यानंतर, सोल्डरिंग सगळ्यात शेवटी. उदाहरणाला हेंग लाँगचा टायगर वन घेतला आहे: ३८० आकाराच्या दोन मोटरी, टीके-६ किंवा टीके-७ मालिकेचा बोर्ड, ७.४ व्होल्टचा लिथियम पॅक. शर्मन, लेपर्ड, टी-९० यांनाही हीच पद्धत लागू पडते, फक्त जागा बदलतात. स्प्रॉकेट (ट्रॅक ओढणारे दातेरी चाक) पुढे असलेल्या टँकचा (टायगर, शर्मन) गिअरबॉक्स पुढे असतो, तर लेपर्ड, अब्राम्स, टी-३४ मध्ये तो मागे असतो. तुमच्या टँकमध्ये उष्णता नेमकी कुठे तयार होते, हे त्यावर ठरते.

## आधी हे तपासा: फॅन खरंच हवा आहे का?

उष्णता करंटमुळे होते. ट्रॅक आवळलेले असतील, गिअरबॉक्सचे ग्रीस वाळले असेल किंवा चाकाच्या ॲक्सलमध्ये केस-धागे गुंडाळले गेले असतील, तर मोटर जास्त करंट ओढते आणि तो सगळा बोर्डावरच्या ड्रायव्हर चिपमधून जातो. असा टँक फॅन लावून थंड करायचा म्हणजे दुखणे तसेच ठेवून त्यावर पट्टी बांधणे.

टँक लाकडी ठोकळ्यावर उचलून ठेवा, म्हणजे ट्रॅक अधांतरी राहतील. मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर, बॅटरीच्या लाल वायरीत सिरीजमध्ये. आधी दोन्ही ट्रॅक काढून आणि मग एकेक चढवून आकडा बघा. एक ट्रॅक चढवल्यावर करंट थोडासा वाढतो आणि दुसरा चढवल्यावर एकदम उडी मारतो, असे दिसले तर दोष त्या बाजूला आहे. टायगरचा ट्रॅक वरच्या बाजूने पुढच्या दोन-तीन चाकांवर टेकला पाहिजे. तारेसारखा ताणलेला दिसत असेल तर आयडलर (ट्रॅकच्या मागच्या टोकाचे मोकळे चाक) पुढे घ्या किंवा एक लिंक वाढवा.

सावधान: ही तपासणी टँक अधांतरी असतानाच करायची. मल्टिमीटर जोडलेला ठेवून जमिनीवर जागच्या जागी गिरकी मारली, तर मीटरचा फ्यूज उडू शकतो. गिरकी घेताना ट्रॅक आडवे घासतात आणि करंट सगळ्यात जास्त जातो. बोर्ड तापवण्यातही सर्वात मोठा वाटा याच गिरक्यांचा असतो.

आता तापमान. नेहमीच्या जागेवर दहा मिनिटे टँक चालवा, लगेच उघडा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने तीन ठिकाणचे आकडे घ्या: मोटरचे कवच, बोर्डावरच्या ड्रायव्हर चिपा, बॅटरी. मोटरचे कवच चकचकीत असते आणि त्यावर हा थर्मामीटर खूप कमी आकडा दाखवतो, म्हणून तिथे आधीच काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून ठेवा. खोलीचे तापमानही लिहून ठेवा. उपयोगाचा आकडा म्हणजे भागाचे तापमान वजा खोलीचे तापमान. डिसेंबरात घेतलेला नुसता आकडा मे महिन्यात कामाला येत नाही.

चिपा तापल्यात, मोटरी बऱ्या आहेत: हीटसिंक आणि थेट चिपांवर वारा. दोन्ही तापलेत: संपूर्ण आतली हवा बदलणारी व्यवस्था. फक्त बॅटरीच तापतेय: पॅक लहान पडतोय किंवा म्हातारा झालाय, तिथे फॅनचा उपयोग नाही, पॅक बदला.

## साहित्य

- फॅन: ४०×४०×१० मिमी, ५ व्होल्ट डीसी, ब्रशलेस, शक्यतो बॉल बेअरिंगचा, एक नग. थ्रीडी प्रिंटरचा फॅन म्हणून मिळतो. जागा नसेल तर ३०×३०×१० मिमी.
- एमपी १५८४ चिपचा छोटा स्टेप-डाउन बक मॉड्यूल (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा).
- केएसडी ९७०० थर्मल स्विच, ५० अंश सेल्सिअस, नॉर्मली ओपन प्रकारचा (गार असताना बंद, तापल्यावर चालू).
- १ अँपिअरचा काचेचा फ्यूज आणि वायरीतला होल्डर.
- २६ गेजची सिलिकॉन वायर, लाल आणि काळी, प्रत्येकी अर्धा मीटर.
- दोन पिनांच्या जेएसटी कनेक्टरची एक जोडी.
- हीटश्रिंक नळी, २ आणि ४ मिमी.
- १४×१४×६ मिमीचे ॲल्युमिनियम हीटसिंक, थर्मल डबल टेप.
- एम ३×१६ मिमीचे चार स्क्रू, नट, चार रबरी वॉशर.
- पितळी जाळी, भोक साधारण १ ते १.५ मिमी.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत यातले इलेक्ट्रॉनिक्सचे सगळे सामान मिळते. जाळी हार्डवेअरच्या दुकानात.

फॅन घेताना लेबल वाचूनच घ्या. ५, १२ आणि २४ व्होल्टचे फॅन दिसायला हुबेहूब सारखे असतात आणि दुकानात बऱ्याचदा एकाच डब्यात पडलेले असतात. २४ व्होल्टचा फॅन ७.४ व्होल्टवर हलतसुद्धा नाही.

५ की १२ व्होल्ट? पुष्कळ जण १२ व्होल्टचा फॅन थेट बॅटरीला लावतात. तो फिरतो, पण निम्म्याहून थोड्या अधिक वेगाने, आणि हवाही त्याच प्रमाणात कमी फेकतो. बॅटरी उतरत आल्यावर तर काही फॅन सुरूच होत नाहीत. ५ व्होल्टचा फॅन थेट लावला तर उलटे होते: भरलेला दोन सेलचा पॅक ८.४ व्होल्ट देतो आणि फॅन भुंग्यासारखा घोंगावून काही दिवसांत जळतो. ५ व्होल्टचा फॅन आणि मध्ये बक मॉड्यूल ही जोडीच घ्या. पॅक ८.४ वर असो की ६.५ वर, फॅनचा वेग बदलत नाही. फॅन आडवा झोपवून बसवायचा असेल तर बॉल बेअरिंगसाठी दोन पैसे जास्त द्या. स्लीव्ह बेअरिंगचे फॅन झोपवून चालवले की लवकर घरघरायला लागतात.

## टप्पा १: टँक उघडणे

बॅटरी काढा. स्विच बंद असणे पुरेसे नाही, पॅक टेबलावर बाहेर दिसला पाहिजे.

स्क्रू काढताना जागेनुसार वेगळे ठेवा, बर्फाचा ट्रे यासाठी उत्तम. लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला तर वरच्या बॉडीतून टोक बाहेर येते. वरची बॉडी सुटली की ती झटक्यात उचलू नका. टरेट (तोफेचा फिरणारा घुमट), दिवे आणि स्पीकरच्या वायरी दोन्ही भागांना जोडलेल्या असतात. चार बोटे उचला, मोबाइलने बोर्डाचा फोटो काढा, मग एकेक प्लग चिमट्याने पांढऱ्या प्लॅस्टिकला धरून काढा. वायरीला धरून ओढलेला प्लग आतली पिन सोडून हातात येतो, आणि इतक्या बारीक पिना पुन्हा बसवण्यात संध्याकाळ जाते.

## टप्पा २: हवेची वाट ठरवणे

मागच्या डेकवरच्या (वरच्या बॉडीच्या सपाट भागावरच्या) जाळ्या बघा. टँकच्या आत टॉर्च धरून खोली अंधारी करा. प्रकाश जाळीतून बाहेर येत नसेल तर ती जाळी नुसती साच्यातली नक्षी आहे, हवा जायला वाटच नाही. खालून कोरून तिथे खरी जाळी बसवावी लागेल. पुष्कळ फॅन वाया जातात ते इथेच.

आता इनलेटचा, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेचा, हिशेब. ४० मिमी फॅनच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ ११३० चौरस मिमीच्या आसपास. मधला गोल भाग वजा केला की हवेला मोकळी जागा उरते साधारण ६५० चौरस मिमी. तेवढीच मोकळी जागा हवा येण्याच्या बाजूलाही हवी. ६ मिमीचे एक भोक २८ चौरस मिमी देते, म्हणजे अशी बावीस-तेवीस भोके. चार भोके पाडून भागत नाही. त्यावर जाळी लावणार असाल तर जाळीच्या तारा जवळजवळ निम्मी जागा खातात, तेव्हा क्षेत्रफळ दुप्पट धरा.

एवढी भोके दिसू न देता आणायची कुठून? टरेटखालच्या रिंगभोवतीची फट, पुढच्या बाजूला उघडणारी हॅच, हेडलाइटच्या वायरीचे भोक, अशा ठिकाणांची बेरीज करा. टबच्या (टँकच्या खालच्या बॉडीच्या) तळाला भोके पाडण्याचा मोह टाळा. तळातून धूळ, गवताचे तुरे आणि पहिल्याच डबक्यात पाणी आत येते. ट्रॅकच्या वरच्या बाजूला, बॉडीच्या कडेखाली भोके पाडली तर ट्रॅक उडवतो ती सगळी माती फॅन आत ओढून घेतो.

इनलेट आणि आउटलेट शेजारी-शेजारी नकोत. हवा आळशी असते, जवळची वाट धरते. दोन इंच अंतरावरून आत येऊन लगेच बाहेर गेली तर बोर्डाला तिचा स्पर्शही होत नाही. एक तोंड पुढे, दुसरे मागे, मध्ये बोर्ड अशी रचना ठेवा.

### हवा बाहेर फेकायची की आत?

टँकमध्ये स्मोक युनिट (तेल तापवून धूर सोडणारा भाग) नसेल, किंवा तुम्ही ते वापरत नसाल, तर फॅन मागच्या जाळीखाली आणि हवा बाहेर फेकणारा. पुढच्या मोटरींवरून आणि मग बोर्डावरून हवा ओढली जाते.

स्मोक युनिट वापरत असाल तर हे करू नका. बाहेर फेकणारा फॅन आतला दाब कमी करतो आणि स्मोक युनिटच्या सांध्यांतून गळणारा तेलकट धूर टबमध्ये ओढतो. महिन्याभरात बोर्ड, कनेक्टर, स्पीकरचा कागद, सगळ्यावर चिकट थर बसतो. अशा टँकमध्ये फॅनने बाहेरची हवा आत ढकलायची, म्हणजे धूर पाइपातूनच बाहेर पडतो. याचा आणखी एक फायदा: धूळ शिरायला एकच तोंड राहते आणि तिथे जाळी लावता येते. अंगणात, मैदानात चालवणाऱ्यांनी स्मोक युनिट नसले तरी हीच दिशा निवडावी असे आमचे मत आहे.

तपासणी: फॅनच्या कडेवर बहुधा दोन बाण असतात, एक पात्यांच्या फिरण्याचा, दुसरा हवेचा. बाण नसतील तर ज्या बाजूला मधल्या गोलाला धरणाऱ्या आडव्या काड्या आणि लेबल आहे, त्या बाजूने हवा बाहेर पडते. अंदाजाने बसवू नका.

## टप्पा ३: जागा पुरते का?

मोजपट्टी आत घालून बंद टँकमधली उंची मोजता येत नाही. त्यापेक्षा कणीक वापरा. घट्ट मळलेल्या कणकेचा पेढ्याएवढा गोळा पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, फॅन येणार त्या जागेच्या बरोबर खाली टबमध्ये ठेवा, वरची बॉडी नेहमीसारखी दाबून बसवा आणि पुन्हा उचला. चपट्या झालेल्या गोळ्याची जाडी म्हणजे तुमची मोकळी उंची.

फॅनची जाडी १० मिमी, वॉशर १ मिमी, नट अडीच मिमी, आणि फॅनच्या मोकळ्या तोंडापुढे हवा वळायला किमान १० मिमी. म्हणजे २४-२५ मिमी हवेत. त्याहून कमी भरली तर फॅनचे तोंड एखाद्या सपाट भागाला चिकटून राहील, आवाज वाढेल आणि हवा कमी येईल. जागा १८ मिमीच असेल तर फॅन तिथे कोंबण्यापेक्षा दुसरी जागा शोधा, किंवा ३० मिमीचा फॅन टबच्या बाजूला उभा बसवा. जाळी ४० मिमीपेक्षा अरुंद असेल तरी ३० चाच घ्या.

टरेट हाताने पूर्ण फिरवून बघायला विसरू नका. टरेटची मोटर आणि बीबी युनिटचा (प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या यंत्रणेचा) खालचा भाग बऱ्याच टँकमध्ये रिंगच्या खाली उतरलेला असतो. समोर तोंड असताना जागा दिसते आणि तोफ मागे वळली की फॅनला धडकते.

## टप्पा ४: कापणे आणि जाळी

बोर्ड टबमध्ये असताना हे काम करू नका. वरची बॉडी वेगळी घेऊन, शक्यतो दुसऱ्या टेबलावर करा.

१. डेकच्या आतल्या बाजूला मास्किंग टेप लावा आणि फॅन ठेवून आखा. ४० मिमी फॅनच्या स्क्रूची भोके मध्यापासून मध्यापर्यंत ३२ मिमी अंतरावर असतात, ३० मिमी फॅनची २४ मिमीवर.

२. चार कोपऱ्यांना आधी १ मिमीचे, मग ३.२ मिमीचे ड्रिल. सरळ मोठे ड्रिल लावले तर ते घसरते.

३. जाळीची नक्षी काढायची असेल तर कडेच्या आत १ मिमी सोडून २ मिमीच्या भोकांची ओळ पाडा, मधला भाग निपरने तोडा आणि उरलेले कानशीने रेषेपर्यंत घासा. रोटरी टूल वापरत असाल तर वेग सगळ्यात कमी. वेगात एबीएस प्लॅस्टिक कापले जाण्याऐवजी वितळते आणि बिटला गोळा चिकटतो. सोल्डरिंग आयर्नने वितळवून भोक पाडण्याची सूचना कोणी ना कोणी देतोच. कडा वाकडी होते, धूर विषारी असतो, आणि ते टोक पुन्हा सोल्डरिंगच्या कामाचे राहत नाही.

४. पितळी जाळी कात्रीने कापा, कडा ३ मिमी मोठी ठेवा, आतून इपॉक्सीने चिकटवा. लोखंडी जाळी स्वस्त पडते, पण तिचा कीस मोटरच्या चुंबकाला ओढला जातो आणि एकदा आत गेला की निघत नाही. पितळेचा तो त्रास नाही.

तपासणी: वरची बॉडी उलटी करून ठोका, ब्रशने झाडा, ओल्या कापडाने पुसा. भुशाचा एकही कण न राहता पुढे जा.

## टप्पा ५: हीटसिंक

फॅनपेक्षा या टप्प्याने जास्त फरक पडतो आणि हाच सगळ्यात जास्त वगळला जातो. चिपचा पृष्ठभाग नखाएवढा; त्यावरून कितीही वारा गेला तरी उष्णता थोडीच उचलली जाते. हीटसिंकमुळे तो पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो.

कोणत्या चिपा तापतात ते पहिल्या मोजणीत कळले आहे. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थर्मल टेपचा तुकडा चिपच्याच मापाचा कापा, हीटसिंक ठेवून वीस सेकंद दाबा. हीटसिंकची कड शेजारच्या चिपच्या पायांना किंवा कपॅसिटरच्या डोक्याला टेकता कामा नये. ॲल्युमिनियम वीज वाहून नेते, त्यामुळे एक स्पर्श झाला तरी बोर्ड गेला. मोठा हीटसिंक बसत नसेल तर हॅकसॉने कापून छोटा करा. पंखांची दिशा हवेच्या दिशेला समांतर ठेवा.

फेव्हिक्विकने चिकटवलेला हीटसिंक धरतो खरा, पण उष्णता नीट जाऊ देत नाही आणि गरम-गार होऊन एक दिवस निखळतो. निखळून पडतो तो बोर्डावरच.

## टप्पा ६: बक मॉड्यूल सेट करणे

फॅन न जोडता. ही अट मोडली तर फॅन पहिल्याच सेकंदाला जाऊ शकतो, कारण नवीन मॉड्यूल कोणत्या व्होल्टेजवर सेट होऊन आला आहे त्याचा भरवसा नसतो.

मॉड्यूलच्या इनपुटला भरलेली बॅटरी जोडा, आउटपुटला मल्टिमीटर, आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू हळूहळू फिरवत ५.० व्होल्टवर आणा. आकडा बदलत नसेल तर स्क्रू उलट्या दिशेने काही फेरे फिरवून बघा. काही मॉड्यूलवर अनेक फेऱ्यांचा स्क्रू असतो आणि सुरुवातीचे फेरे कोरडेच जातात. ५.० वर आला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, टँकच्या हादऱ्याने तो फिरत नाही. आता फॅन जोडून दोन मिनिटे टेबलावर चालवा. मग बॅटरी काढून मॉड्यूल रुंद हीटश्रिंकमध्ये गुंडाळा.

## टप्पा ७: वायरिंग

वीज कुठून घ्यायची, हा इथला कळीचा प्रश्न. मुख्य स्विचच्या पुढून घ्यायची, बॅटरीवरून थेट नाही. थेट घेतलेला फॅन टँक बंद केल्यावरही चालू राहतो. ०.१ अँपिअर ओढणारा फॅन १८ तासांत १.८ अँपिअर-तास खातो, म्हणजे १८०० मिलिअँपिअर-तासांचा पूर्ण पॅक. रात्री विसरलात तर दुसऱ्या दिवशी पॅक प्रत्येक सेलला ३ व्होल्टच्या खाली गेलेला असतो, आणि असा लिथियम पॅक पुन्हा चार्ज करू नये.

स्विचची पुढची बाजू ओळखण्यासाठी बॅटरी लावा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या काळ्या वायरीवर, लाल पिन स्विचच्या एका टोकावर. स्विच बंद केल्यावर जिथे शून्य येते आणि चालू केल्यावर ७-८ व्होल्ट येतात, ते टोक हवे. खूण करा, बॅटरी काढा.

बोर्डावरच्या दिव्यांच्या पिनांवरून फॅनला वीज देऊ नका. त्या पिना एलईडीसाठी आहेत, फॅन सुरू होतानाचा झटका त्यांना सोसणार नाही.

जोडणीचा क्रम असा:

१. स्विचच्या पुढच्या टोकाला लाल वायर, आणि तीन-चार सेंटिमीटरवर लगेच फ्यूज. फ्यूज फॅनजवळ लावून उपयोग नाही, मधल्या वायरीचे इन्सुलेशन घासले तर तिला कोणतेच संरक्षण राहत नाही.

२. फ्यूजनंतर थर्मल स्विच.

३. थर्मल स्विचनंतर बक मॉड्यूलचे इनपुट प्लस. इनपुट मायनस बॅटरीच्या काळ्या वायरीला.

४. मॉड्यूलच्या आउटपुटला जेएसटी कनेक्टर, फॅनच्या वायरींना त्याचा जोडीदार. लाल प्लस, काळी मायनस. पिवळी तिसरी वायर असेल तर ती वेग मोजण्यासाठी असते. टोक कापून हीटश्रिंक लावा. वायरी उलट्या जोडल्यास हा फॅन उलटा फिरत नाही. तो फिरतच नाही आणि बिघडूही शकतो.

कनेक्टर वगळून फॅन थेट सोल्डर करण्याचा आळस नको. फॅन वरच्या बॉडीवर आणि वीज खालच्या टबमध्ये आहे. पुढच्या वेळी बॉडी उघडताना वायर तुटेल.

वायर कापताना एकेक कापा. लाल-काळी एकाच निपरमध्ये धरून कापायची सवय असेल तर बॅटरी बाहेर आहे ना ते पुन्हा बघा.

थर्मल स्विच सगळ्यात तापणाऱ्या हीटसिंकच्या कडेला थर्मल टेपने चिकटवा आणि वरून कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या टेपचा) वेढा द्या. त्याच्यावर फॅनचा थेट झोत नको, नाहीतर तो स्वतः थंड होऊन चिप गरम असतानाच फॅन बंद करेल. पन्नास अंशांचाच का, तर चाळीसचा स्विच विदर्भाच्या मे महिन्यात टँक नुसता उन्हात ठेवला तरी लागतो. हे स्विच लागतात त्या तापमानाच्या साधारण १०-१५ अंश खाली सुटतात. त्यामुळे हवा ४५ अंशांवर असताना पन्नासचा स्विचही एकदा लागला की सुटत नाही. तसे झाले तरी हरकत नाही, त्या दिवसांत फॅन चालू राहिलेलाच बरा.

फॅनच्या दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या आणि रिसीव्हरच्या अँटेनापासून किमान ३ सेमी लांब न्या. टरेटच्या दातेरी रिंगपासूनही.

## टप्पा ८: बसवणे आणि चाचणी

फॅन आणि बॉडीच्या मध्ये रबरी वॉशर घाला, स्क्रू बोटाने घट्ट झाल्यावर फक्त पाव फेरा. जास्त आवळला की फॅनची चौकट पिळली जाते आणि पाती कडेला घासतात. ग्लू गनचा भरवसा नको: तापलेल्या टबमध्ये तो गोंद मऊ पडतो आणि फॅन गिअरबॉक्सवर कोसळतो.

बॉडी लावण्याआधी थर्मल स्विचला हेअर ड्रायरची गरम हवा द्या. फॅन सुरू झाला पाहिजे, आणि थोड्या वेळाने आपोआप बंद.

मग बॉडी लावा आणि स्विच पुन्हा गरम होईपर्यंत टँक चालवा. फॅन चालू असताना इनलेटजवळ पेटलेली उदबत्ती धरा. धूर आत ओढला जायला हवा आणि दुसऱ्या टोकाने बाहेर दिसायला हवा. (हवा आत ढकलणारा फॅन असेल तर उदबत्ती फॅनच्या जाळीपाशी.) धूर इनलेटपाशी नुसता घुटमळत असेल तर वाट कुठेतरी अडली आहे. बहुतेक वेळा वायरींचा गुच्छ आडवा आलेला असतो. उदबत्तीचे टोक प्लॅस्टिकपासून दोन बोटे लांबच ठेवा.

रेंजची चाचणी: फॅन चालू ठेवून नेहमी चालवता तेवढ्या अंतरावर जा. टँक मध्येच अडखळत असेल तर वायरींचा मार्ग बदला. तरीही अडखळला तर मोटरीच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे का ते बघा, नसेल तर सोल्डर करा.

शेवटी पहिली मोजणी जशीच्या तशी पुन्हा करा. तीच जागा, तीच दहा मिनिटे, तेवढ्याच गिरक्या. खोलीपेक्षा किती जास्त, हा आकडा आधीच्या आकड्याशी लावून बघा. पाच अंशांचाही फरक नसेल तर मोठा फॅन आणायला धावू नका. टप्पा २ वर जा आणि इनलेटचे क्षेत्रफळ मोजा.

## नंतर येणाऱ्या अडचणी

फॅन थोडा वेळ चालून बंद पडतो आणि गार झाल्यावर पुन्हा चालतो: बक मॉड्यूलचे सोल्डरिंग कच्चे आहे, किंवा मॉड्यूल मोटरला टेकून स्वतःच तापतोय. फ्यूज वारंवार उडतो: मोठा फ्यूज लावू नका, वरची बॉडी बंद होताना कुठे वायर चिमटली जाते ते शोधा. फॅन सुरू होताना टँकचा आवाज क्षणभर खरखरतो: बक मॉड्यूलच्या इनपुटला २२० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावा, प्लस-मायनस बघून.

मोटरीच तापतात, बोर्ड गार आहे: ३८० मोटरचा व्यास सुमारे २८ मिमी, त्या मापाचे क्लिपचे हीटसिंक मिळतात. ते गिअरला घासत नाहीत ना, एवढे बघा.

टँक चालवून थांबवल्यावर मुख्य स्विच लगेच बंद करू नका. स्विचबरोबर फॅनही थांबतो आणि मोटरीत साठलेली उष्णता बंद टबमध्ये पसरते. दोन मिनिटे टँक जागेवर उभा राहू द्या, मग बंद करा.

काळ्या मातीच्या मैदानात चालवत असाल तर जाळी दर वेळी कोरड्या ब्रशने झाडा, आणि पाच-सहा खेळांनंतर बॉडी उघडून पाती साफ करा. पाती बोटाने धरूनच ब्रश फिरवा. हवेच्या पंपाने फुंकर मारताना मोकळी सोडलेली पाती नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरतात आणि बेअरिंग तिथेच खराब होते. फॅन घरघरायला लागला तर तेल घालून दिवस ढकलू नका. चार स्क्रू, एक कनेक्टर, नवा फॅन.